चावी एकच आहे, तर एकच द्या

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून मोटरसायकल घेतली. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी रात्री ती आमच्या इमारतीखालून चोरीला गेली. हँडल लॉक लावलेलं होतं. रविवारी सकाळी लगेच पोलीस ठाण्यात गेलो. तिथले अंमलदार म्हणाले, ‘आधी आजूबाजूला बघा, कुणी ओळखीच्यानं नेली असेल, दोन-तीन दिवसांनी या.’ मी साधा अर्ज लिहून दिला, त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला. एफआयआर झाला तो पाचव्या दिवशी. विमा एजंटला रविवारीच व्हॉट्सअ‍ॅप केला होता, तो म्हणाला एफआयआर आल्याशिवाय कंपनी काही ऐकत नाही. कंपनीला ईमेल गेला बाराव्या दिवशी. आता कंपनीचं पत्र आलंय : पोलिसांत आणि आमच्याकडे उशीर का केला, दोन्ही मूळ चाव्या जमा करा, पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर दावा नाकारू. माझ्याकडे एकच चावी आहे. दुसरी दीड वर्षापूर्वी घर बदलताना हरवली. एजंट म्हणतो, बाजारातून डुप्लिकेट बनवून दे, कोण बघतंय! त्यात गेल्या आठवड्यात चोरीच्या गाडीवर दुसऱ्या जिल्ह्यातलं विनाहेल्मेटचं ई-चलान माझ्या मोबाइलवर आलं. कर्जाचे हप्ते चालूच आहेत. गाडी गेली, निदान पैसे तरी मिळतील का? – एक वाचक

उत्तर : सगळ्यात आधी चावीचं बोलू, कारण बाकीच्या गोष्टी चार दिवस थांबतील, पण चावीवाल्याकडे तुम्ही उद्या सकाळीच जाऊन उभे राहाल.

डुप्लिकेट चावी बनवू नका. एजंट म्हणतो कोण बघतंय, तर बघणारा माणूस कंपनीनं पगार देऊन ठेवलेला असतो. तीन वर्षं रोज वापरलेल्या गाडीची चावी कशी दिसते, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं : दात झिजलेले, कडा गुळगुळीत, प्लास्टिकची मूठ खिशातल्या नाण्यांनी घासलेली. तिच्याशेजारी कापल्याच्या ताज्या रेघा असलेली, कंपनीचा शिक्का नसलेली चावी ठेवली की त्याचं काम पाच मिनिटांत संपतं. शंका आली तर चाव्या तज्ज्ञाकडेही जातात. आणि मग तुमचा दावा उशिरासाठी किंवा हलगर्जीसाठी नाकारला जात नाही, तर खोटा पुरावा दिला म्हणून नाकारला जातो. उशिराचं कारण देता येतं, हरवलेल्या चावीचंही देता येतं. बनावट चावीचं देता येत नाही. पुढे विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा नाहीतर ग्राहक आयोगात, तिथंही कंपनी पहिली तीच चावी टेबलावर ठेवेल.

मुळात कंपनी दोन चाव्या का मागते? विम्याच्या अटींत एक ओळ असते : वाहन सुरक्षित राहावं म्हणून मालकानं वाजवी काळजी घेतली पाहिजे. दोन्ही चाव्या मालकाकडे असल्या तर चावी गाडीला लावून ठेवली नव्हती, असं म्हणायला आधार मिळतो. म्हणजे दुसरी चावी हा काळजीचा एक पुरावा झाला. ती नसेल तर तेवढा पुरावा कमी पडला, पण दावा तिथंच मेला असं होत नाही. दीड वर्षापूर्वी घरसामानात चावी हरवणं वेगळं, आणि दुकानासमोर चावी लावून गाडी चालू ठेवून आत जाणं वेगळं.

आणि त्या दुसऱ्या प्रकारातही सगळं बुडतंच असं नाही. ट्रकचा चालक चावी गाडीतच ठेवून खाली उतरला आणि ट्रक चोरीला गेला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मालकाला विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के देवविले. अटीचा भंग झाला पण दावा खरा आहे, अशा वेळी पूर्ण नकार न देता काही टक्के कापून पैसे द्यायचे, याला विम्याच्या भाषेत नॉन-स्टँडर्ड तडजोड म्हणतात. न्यायालयं ही वाट कितीतरी वर्षं वापरत आली आहेत. तुमची बाजू त्या ट्रकवाल्यापेक्षा बरीच बळकट आहे. कंपनी चावीवरून काही कापू पाहील, तेव्हा ही ७५ टक्क्यांची गोष्ट लक्षात ठेवा : ती तुमच्या मागणीचा तळ आहे, माथा नव्हे.

तेव्हा एकच चावी द्या, आणि तीसुद्धा पोचपावतीवर. देण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्यावर नंबर कोरलेला असेल तर तो दिसेल असा. सोबत स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र : दुसरी चावी साधारण कोणत्या महिन्यात, कशी हरवली, त्यानंतर नवी बनवून घेतली नाही. घर बदलल्याचा पुरावा असेल, म्हणजे भाडेकरार किंवा सामान हलवणाऱ्याचं बिल, तर तोही जोडा. अशा जोडीच्या कागदाला फार किंमत असते, कारण तो दाव्यासाठी बनवलेला नसतो.

आता उशिराचं. इथं दोन उशीर आहेत आणि कंपनीनं ते एकाच वाक्यात बांधले आहेत. तुम्ही ते सोडवून वेगळे करा.

कंपनीला कळवायला बारा दिवस लागले, हा त्यातला हलका उशीर. ट्रॅक्टरचोरीच्या एका प्रकरणात मालकानं पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद दिली होती, विमा कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या नावानं ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की चोरीची फिर्याद लगेच दिली असेल, पोलिसांनी तपास करून माग लागत नसल्याचा अहवाल दिला असेल आणि दावा खरा असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून तो नाकारता येणार नाही. मागचा विचार सरळ आहे : चोरीनंतर गाडी शोधणं पोलिसांचं काम, विमा कंपनी काही नाकाबंदी लावणार नसते. तुमचे बारा दिवस त्या बावन्नापुढे काहीच नाहीत. शिवाय विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०११ मध्येच कंपन्यांना परिपत्रक काढून बजावलं होतं की टाळता न येणाऱ्या कारणानं झालेल्या उशिरावर बोट ठेवून खरे दावे फेटाळू नका.

पोलिसांकडचा उशीर मात्र जड असतो. वरचा निकाल मालकाच्या बाजूनं लागला तोच मुळी ‘फिर्याद लगेच दिली’ या पायावर. पोलिसांत दोन दिवस उशीर झाला एवढ्यावरून राष्ट्रीय ग्राहक आयोगात हरलेले दावे आहेत. म्हणून तुमच्या सगळ्या फाइलीत सर्वांत मोलाचा कागद कोणता, तर रविवारचा शिक्का मारलेला तो साधा अर्ज. ठाण्यात ‘नंतर या’ ऐकून बहुतेक लोक रिकाम्या हातानं परततात. तुम्ही अर्ज देऊन प्रतीवर शिक्का घेतलात, म्हणून आज तुम्हाला म्हणता येतं की मी चोरीची खबर काही तासांत दिली, ती एफआयआर म्हणून नोंदवायला ठाण्यानं पाच दिवस घेतले. हा उशीर तुमचा नाही. एफआयआर उघडून बघा : घटना कधीची, ठाण्यात माहिती कधी मिळाली, हे वेगवेगळ्या रकान्यांत असतं. तुमच्या जबानीत रविवारी अर्ज दिल्याचा उल्लेख असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर तपास अधिकाऱ्याला आजच पुरवणी जबाब नोंदवायला सांगा, त्यात ते येऊ द्या.

अंमलदारांनी जे केलं ते नियमाला धरून होतं का? नव्हतं. चोरी हा दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय सुरू करू शकतात असा. मोटरसायकलच्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगून टाकलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर घ्यावीच लागते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यानं नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लिहायचं, तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हे तुम्हाला आता उपयोगाचं नाही, पण ज्यांची गाडी उद्या जाईल त्यांच्यासाठी लिहितोय. अशा वाचकांनी एक करावं : ठाण्यात पोचायच्या आधी, रिकाम्या जागेसमोर उभं राहूनच ११२ ला फोन लावावा. त्या फोनची वेळ नोंद होते आणि ती नंतर कुणाला खोडता येत नाही. आणि ‘गहाळ’ म्हणून नोंद करून घेऊ नये. मोबाइल, पाकीट हरवल्याची जी ऑनलाइन नोंद करतात, तिच्यावर गाडीचा विमा मिळत नाही. गाडी हरवत नाही, चोरीला जाते.

एफआयआरमध्ये आणखी एक गोष्ट तपासा, कंटाळवाणी आहे पण तपासाच : चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), पॉलिसी आणि एफआयआर तिन्ही समोर ठेवून एकेक अक्षर बोटानं मोजत जुळवा. शून्याचा ओ होतो, बी चा आठ होतो. गाडीच्या रंगातही घोळ होतो. चूक असेल तर तीही त्याच पुरवणी जबाबात दुरुस्त करून घ्या. दाव्याच्या शेवटच्या टप्प्यावर ‘ही गाडी तीच कशावरून’ असं पत्र आलं की महिनाभर फुकट जातो.

आता ई-चलान. तुम्हाला तो जखमेवरचा डाग वाटला असेल, पण तो धागा आहे. चलानाबरोबर फोटो असतो, त्यात गाडी, बसलेला माणूस, ठिकाण, तारीख आणि वेळ असते. फोटो मोठा करून बघा. गाडी तुमचीच आहे का? टाकीवरचा ओरखडा, तुम्ही बसवलेला गार्ड, मागच्या मडगार्डवरचं स्टिकर, काहीतरी ओळखू येईल. तुमची असेल तर चोरटा ती उघड-उघड तुमच्याच नंबरवर फिरवतोय आणि कुठल्या रस्त्यावर फिरवतोय ते पोलिसांना कळलं. तुमची नसेल तर तुमचा नंबर दुसऱ्याच गाडीवर चढवलाय, हीसुद्धा तपासासाठी बातमीच. दोन्ही वेळा चलानाची छापील प्रत आणि फोटो तपास अधिकाऱ्याला अर्जासोबत द्या, पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

दंड भरू नका. रक्कम किरकोळ असते, ‘कटकट नको’ म्हणून माणूस भरून मोकळा होतो. पण मग उद्या कुणी विचारेल : गाडी तुमच्याकडे नव्हती तर दंड का भरलात? वाहतूक पोलिसांच्या ई-चलान प्रणालीत तक्रार नोंदवण्याची सोय आहे, तिथं एफआयआर जोडून चलान रद्द करायची विनंती करा. हीच माहिती विमा कंपनीलाही ईमेलनं द्या. गाडी दिसली म्हटल्यावर पैसे अडकतील, अशी भीती वाटेल. अडकले तर थोडे दिवस अडकतील. लपवलं आणि त्यांच्या माणसाला ते चलान दिसलं, तर प्रामाणिकपणावरच प्रश्न येईल, आणि चलान शोधायला गाडीचा नंबर टाकण्यापलीकडे फार काही लागत नाही.

आरटीओला अजून कळवलं नसेल, तर या आठवड्यात एफआयआरच्या प्रतीसह अर्ज द्या आणि ‘वाहन’ प्रणालीत गाडीची नोंद रोखून ठेवायला सांगा, म्हणजे ती कुणाच्या नावावर चढणार नाही. चोरट्यानं कुणाला ठोकर मारली तर पहिली नोटीस कागदावरच्या मालकाला येते, तेव्हाही हा अर्ज कामाला येतो.

कंपनीला खुलासा कसा लिहायचा ते सांगतो. पानभर रडगाणं नको, रागही नको. तारखा बोलू द्या. साधारण असा :

‘चोरी शनिवारी रात्री झाली. रविवारी सकाळी ती लक्षात येताच मी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, शिक्क्याची प्रत जोडली आहे. ठाण्यानं गुन्हा पाचव्या दिवशी नोंदवला, हा विलंब माझ्याकडून झालेला नाही. आपल्या एजंटला रविवारीच संदेशानं कळवलं होतं, त्याचं उत्तर व वेळ दिसेल अशी प्रत जोडली आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी एफआयआरची वाट पाहिली. माझ्याकडे एकच मूळ चावी आहे, ती सोबत जमा करत आहे. दुसऱ्या चावीबाबत प्रतिज्ञापत्र जोडले आहे. दावा खरा असून तो पूर्ण रकमेला मंजूर करावा.’

जिथं वार आहेत तिथं तारखा घाला. व्हॉट्सअ‍ॅपचा तो संवाद मोबाइलवर ठेवून भागणार नाही, एजंटचा नंबर आणि वेळ दिसेल असा छापून घ्या, मूळ संदेशही पुसू नका. एजंटला आधी सांगायची गरज नाही, त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. तो कंपनीचा एजंट असेल तर त्याला कळवणं म्हणजे कंपनीला कळवणं, असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. पंधरा दिवसांची मुदत पत्राच्या तारखेपासून धरा, हातात पडल्यापासून नको. खुलासा ईमेलनं पाठवाच, शिवाय पोचपावतीच्या स्पीड पोस्टानंही.

मधल्या काळात कंपनीचा तपासनीस घरी येईल, किंवा आलाही असेल. तो गोड बोलतो. गाडी कुठं लावली होती ते बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, मग एक जबाब लिहून पुढे करतो : ‘करा सही, नुसती औपचारिकता आहे.’ वाचल्याशिवाय सही नको, कोऱ्या कागदावर तर नकोच. ‘चावी बहुधा गाडीलाच राहिली असावी’ असलं एखादं वाक्य त्यात पाचव्या ओळीत असतं. तुम्ही बोलला नसाल तर तिथंच खोडा, आणि सही केल्यावर कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. त्याला आवडणार नाही, पण तो अडवूही शकणार नाही.

आता ज्यावर तुमचे पैसे खरोखर अडून राहतील, ते. गाडी सापडत नाही असा पोलिसांचा शेवटचा कागद. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस न्यायालयात समरी अहवाल पाठवतात. त्याच्या तीन जाती : ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तुम्हाला हवी ‘अ’. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केली की न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यायची. पोलीस ठाण्यातून ‘माग लागत नाही’ असा दाखला मिळतो, काही कंपन्या आधी त्यावर काम सुरू करतात, काही न्यायालयाच्या प्रतीसाठी अडून बसतात. तुमची कंपनी काय मागते ते लेखी विचारून घ्या, म्हणजे दर वेळी नवा कागद निघणार नाही.

समरीला महिने लागतात, हे खरं आहे. तपास अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी पंचवीस फायली असतात आणि तुमची गाडी त्यातली सर्वांत लहान. तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. तुमचे दोन महिने झालेत. नव्वदावा दिवस उलटला की त्या कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचा अर्ज द्या. भांडायला जाऊ नका, नुसता अर्ज. आवक क्रमांक पडलेला अर्ज फाइलीला लागला की फाइल निदान वरच्या गठ्ठ्यात येते. ई-चलानचा धागा ताजा असल्यामुळे ‘अ’ समरी थोडी लांबेल, ते सोसावं लागेल.

पैसे किती? पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत म्हणून, जो आकडा छापलाय तो, त्यातून पॉलिसीत लिहिलेली ठरावीक वजावट. दोन ते तीन वर्षं वयाच्या गाडीला नव्या किमतीवर ३० टक्के घसारा धरतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. तेव्हा गाडी घेताना मोजलेले पैसे डोळ्यांपुढे ठेवू नका. समजा आयडीव्ही ६०,००० असेल आणि कंपनीनं चावीवरून ७५ टक्क्यांवर आणलं तर ४५,००० होतात. एवढ्यावर सही करायची की पुढे जायचं हा तुमचा निर्णय, पण सही करायच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द शोधा. दबावाखाली सही करून मग भांडणारे फार जण येतात, आणि दबाव होता हे सिद्ध करणं त्यांच्यावरच येतं.

इथं बाकीच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. शोरूममध्ये ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स केलाय’ असं सांगतात, आपण मान डोलावतो. त्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो, आणि नुसत्या थर्ड पार्टीत चोरी येत नाही. दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज भरलाच नाही आणि चोरी झाल्यावर समजलं, अशी पत्रं या सदराकडे येतात, त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, त्यातली छोटी बघा. तुमच्या बाबतीत कंपनी चावी आणि उशिरावर बोलतेय, विमा नव्हता असं म्हणत नाहीये, म्हणजे तो चालू होता.

हप्ते थांबवू नका. गाडी गेली म्हणून कर्ज जात नाही, आणि दोन हप्ते चुकले तर सिबिलवर तुमचं नाव खराब होईल, चोरट्याचं नव्हे. कर्ज देणाऱ्या बँकेला एफआयआरसह कळवून ठेवा. आरसीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे दाव्याची रक्कम आधी तिकडे वळेल, उरलं ते तुम्हाला. म्हणून आजच बाकी किती आहे याचं पत्र मागून घ्या, म्हणजे शेवटी हाती काय पडणार याचा अंदाज येईल. दावा मंजूर झाला की कंपनी आरटीओचे २८, २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म सहीसाठी देईल, कारण पैसे दिल्यावर गाडीवरचा हक्क तिच्याकडे जातो. पैशांबाबत लेखी काही हातात येण्याआधी कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन ठेवू नका.

कंपनीनं तरीही नाकारलं तर? जून २०२४ च्या मास्टर परिपत्रकात नियामकानं सांगितलंय की कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणानं दावा नाकारता येणार नाही, आणि दाव्याशी थेट संबंध असलेलेच कागद मागावेत. हे वाक्य तक्रारीत वापरा. पहिली तक्रार कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावरही ती टाकता येते, हेल्पलाइन १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रातली कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत आहेत, फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुमच्यासारख्या कागद जपणाऱ्या माणसासाठी मी आधी लोकपालच सुचवीन. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, लहान रकमेला फीही नाही, पण तारखा पडत जातात. एक ध्यानात असू द्या : आयोगात प्रकरण दाखल केलं की लोकपालाचं दार बंद होतं. उलट नाही : लोकपालाचा निवाडा पटला नाही तर आयोगात जाता येतं.

आणि समजा त्या चलानाच्या धाग्यानं गाडी सापडलीच, तर ठाण्यातून फोन येईल. घाईनं घेऊन यायला ती मिळणार नाही, ती आता मुद्देमाल आहे. न्यायालयात अर्ज करून बंधपत्र देऊन ताबा घ्यावा लागतो. असा मुद्देमाल ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय, त्यामुळे अर्ज केला तर ताबा मिळतो. ठाण्यात बघायला गेलात की इंजिन व चासी क्रमांक खोडलेत का, कुठले भाग काढलेत, याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. पैसे मिळायच्या आधी गाडी सापडली तर चोरीचा दावा नुकसानीच्या दाव्यात बदलतो, आणि तो त्याच पॉलिसीतून मिळतो. पैसे घेऊन झाल्यावर सापडली तर ती कंपनीची, तुम्ही फक्त कळवायचं.